'अ‍ॅफ्रोडिझियाक' लिहिता तेव्हा नेमकं काय म्हणायचं असतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत, आणि खरं सांगायचं तर सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांमध्ये, 'अ‍ॅफ्रोडिझियाक' (म्हणजे कामोत्तेजक) हा शब्द हल्ली इतका सैल वापरला जातो की वाचणाऱ्याला शेवटी काहीच कळत नाही. चॉकलेट अ‍ॅफ्रोडिझियाक, कुठलं तरी मूळ अ‍ॅफ्रोडिझियाक, अत्तर अ‍ॅफ्रोडिझियाक, निळी गोळी अ‍ॅफ्रोडिझियाक, आणि एकाच लेखात पहिल्या परिच्छेदात 'इच्छा वाढते', दुसऱ्यात 'ताकद वाढते', तिसऱ्यात 'शुक्राणूंची संख्या वाढते' असं लिहिलेलं असतं, जणू काही हे सगळं एकच आहे. हे एकच नाहीये. मी जीवशास्त्र शिकवतो आणि मला हा गोंधळ नुसता भाषेचा वाटत नाही, यातून माणसं चुकीची वस्तू घेतात, नको त्याच्यावर विश्वास ठेवतात, आणि कधी कधी ज्या आजारासाठी डॉक्टरकडे जायला हवं तो आजार लपवून बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. अ‍ॅफ्रोडाइटी ही ग्रीकांची प्रेमाची आणि कामभावनेची देवता, हेसिओड या जुन्या ग्रीक कवीने ती समुद्राच्या फेसातून जन्मल्याचं सांगितलंय, आणि फेसाला ग्रीकमध्ये 'अ‍ॅफ्रोस' म्हणतात. तिच्या अखत्यारीतल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे शरीरसुख, संभोग, त्याची ओढ, या सगळ्यांना मिळून ग्रीक लोक 'अ‍ॅफ्रोडिझिया' म्हणायचे. म्हणजे मुळात हा शब्द औषधाचा नव्हताच, एका अख्ख्या प्रांताचा होता. इंग्रजीत तो अठराव्या शतकात आला तो मात्र औषध म्हणून, त्या प्रांतात नेणारं काहीतरी चूर्ण किंवा काढा अशा अर्थाने. आता प्रांत मोठा आणि वस्तू छोटी, त्यामुळे त्या प्रांतातलं काहीही वाढवणारी कुठलीही वस्तू या एका शब्दात बसायला लागली.

मराठीत आपण त्याला कामोत्तेजक म्हणतो आणि हा शब्द मला तसा बरा वाटतो, कारण 'काम' म्हणजे इच्छा, ती चाळवणारं ते कामोत्तेजक, इतकं सरळ आहे. अडचण होते ती वाजीकरण या शब्दाने. बऱ्याच लेखांत अ‍ॅफ्रोडिझियाकचं भाषांतर डोळे मिटून वाजीकरण असं केलं जातं, पण वाजीकरण ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक पूर्ण शाखा आहे, वाजी म्हणजे घोडा, आणि चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय त्यावर आहे. तो अध्याय कुणी नीट वाचला तर दिसतं की त्यात संततीवर फार भर आहे, ज्याला मूल नाही तो माणूस सावली नसलेल्या, फळ नसलेल्या एकुलत्या फांदीच्या झाडासारखा असं तिथे म्हटलंय. शिवाय त्याच अध्यायात असंही सांगितलंय की सगळ्यात श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे मनाला आनंद देणारी स्त्री. म्हणजे औषध दुय्यम, माणूस आधी. (पुरुषाच्या नजरेतून लिहिलंय हे उघड आहे, तो काळच तसा होता, पण मुद्दा महत्त्वाचा आहे.) तर मन, शरीर, वीर्य आणि संतती हे सगळं वाजीकरणात एकत्र येतं, त्या शास्त्राच्या चौकटीत ते ठीकच आहे, पण तोच शब्द उचलून आधुनिक गोळीला किंवा चॉकलेटला चिकटवला की वाचक समजतो की यातही ते सगळं आहे. नसतं.

नेमका फरक कुठे आहे ते सांगतो. इच्छा होणं ही एक गोष्ट, ती मेंदूत घडते. इच्छा झाल्यावर शरीराने साथ देणं, पुरुषाला ताठरता येणं किंवा स्त्रीच्या अंगात ओलावा येणं, ही दुसरी गोष्ट, ती बरीचशी रक्तपुरवठ्यावर आणि नसांवर अवलंबून. किती वेळ टिकतं ही तिसरी. आणि मूल होण्याची क्षमता ही चौथी, जिचा पहिल्या तिघींशी संबंध आहे पण अगदी सैल, कारण इच्छा भरपूर आणि शुक्राणू जवळपास शून्य असे पुरुष असतात आणि उलटही असतात. पाचवी म्हणून सुखाची जाणीव वेगळी धरता येईल, पण तिच्याबद्दल आत्ता लिहीत बसत नाही.

आता सिल्डेनाफिल घ्या, जिला लोक निळी गोळी म्हणतात आणि व्हायग्रा या ब्रँडने जिला सगळं जग ओळखतं. हे औषध मुळात हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्या त्रासासाठी तपासलं जात होतं, तिथे फारसं काम झालं नाही पण वेगळाच परिणाम दिसला, आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला ताठरतेच्या समस्येसाठी परवानगी मिळाली. ते काम कसं करतं हे कळलं की अ‍ॅफ्रोडिझियाक शब्द त्याला का लागू होत नाही तेही कळतं. माणसाला उत्तेजना आली की नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यामुळे लिंगातल्या रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात आणि रक्त भरतं, मग एक एन्झाइम हा संदेश पुसून टाकतं आणि सगळं परत पूर्ववत होतं. सिल्डेनाफिल त्या पुसणाऱ्या एन्झाइमला अडवतं. बस, एवढंच. म्हणजे संदेश मुळात आलाच नाही तर अडवायचं काय? इच्छा नसेल, मनात काही नसेल तर गोळी घेऊन माणूस नुसता बसून राहील, डोकं दुखेल, चेहरा लाल होईल, आणि बाकी काही होणार नाही. म्हणून ज्याला इच्छाच होत नाही त्याने ही गोळी घेऊन 'मला फरक पडला नाही, आता माझं सगळं संपलं' असं मानू नये, त्याला ज्या दारातून जायचं होतं ते दारच वेगळं होतं. (योगायोग बघा, त्याच वर्षी म्हणजे १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना रक्तवाहिन्यांमधल्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी मिळालं.)

याच्या उलट बाजूचं उदाहरण टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक. ज्या पुरुषांच्या शरीरात ते खरंच कमी आहे त्यांची इच्छा ते दिल्यावर वाढते, हे खरं आहे. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो अंडकोषांना सिग्नल देणं बंद करतो आणि शुक्राणू तयार होणं कमी होतं, कधी कधी पूर्ण थांबतं. म्हणजे एकच वस्तू इच्छा वाढवते आणि मूल होण्याची शक्यता घालवते! आणि आपल्या लेखांमध्ये मात्र 'कामेच्छा आणि प्रजननक्षमता वाढवणारं' असं एका दमात लिहिलेलं असतं. मूल व्हावं म्हणून धडपडणाऱ्या कुणी असा लेख वाचून जिममधल्या मित्राकडून इंजेक्शन घेतलं तर काय होईल याचा विचार करा.

मेंदूतली इच्छा खरोखर वाढवणारी औषधं आहेत का, तर आहेत, पण त्यातली काही भलत्याच आजारासाठी देतात. पार्किन्सन्सच्या आजारात डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनासारखं काम करणारी औषधं देतात, त्यातल्या काही रुग्णांमध्ये कामेच्छा इतकी वाढते की माणूस स्वतःला आवरू शकत नाही, सोबत जुगार, बेफाम खरेदी असंही होऊ शकतं, घरं मोडायची वेळ येते, आणि डॉक्टरला डोस कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं. शब्दशः बघितलं तर हेच खरं अ‍ॅफ्रोडिझियाक, आणि ते साइड इफेक्टच्या यादीत आहे. ज्यांना वाटतं की इच्छा वाढवणारी गोळी मिळाली तर आयुष्य सोपं होईल त्यांनी त्या कुटुंबांशी बोलावं.

आता स्पॅनिश फ्लाय. याचा उल्लेख असल्या लेखांमध्ये हमखास असतो, 'इतिहासातलं प्रसिद्ध अ‍ॅफ्रोडिझियाक' म्हणून, आणि विष हा शब्द बहुतेक वेळा नसतोच. ही माशी नाहीच मुळी, तो चमकदार हिरवा भुंगेरा आहे, आणि त्याच्या अंगात कँथरिडिन नावाचं रसायन असतं जे कातडीवर लागलं तर फोड येतात. (नर भुंगेरा मीलनाच्या वेळी ते मादीला देतो, मादी त्याचा थर अंड्यांना लावते म्हणजे कुणी खात नाही, निसर्गात त्याचं काम हे आहे.) माणसाच्या पोटात गेलं तर ते मूत्रपिंडातून बाहेर पडताना लघवीच्या मार्गाची आग आग करतं, आणि त्या जळजळीने, सुजेने कधी पुरुषाला ताठरता येते, दुखणारी, न उतरणारी. शेकडो वर्षं लोकांनी त्या जळजळीला इच्छा समजलं. ती इच्छा नाही, ती जखम आहे. दहा-वीस मिलिग्रॅम पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होतात, रक्ताच्या उलट्या होतात.

१७७२ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेय इथे मार्की द साद या उमराव लेखकाने वेश्यांना कँथरिडिन घातलेल्या गोळ्या खायला दिल्या, त्या बायका आजारी पडल्या, आणि कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड ठोठावला होता. १९५४ मध्ये लंडनमध्ये औषधांच्या घाऊक कंपनीत काम करणाऱ्या एका माणसाने ऑफिसमधल्या एका मुलीच्या मनात आपल्याबद्दल ओढ निर्माण व्हावी म्हणून नारळाच्या मिठाईत हेच कालवलं, दोन तरुण मुली मेल्या, त्याला सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षांची शिक्षा झाली. मी ही दोन उदाहरणं मुद्दाम शेजारी ठेवतोय कारण दोन्हीकडे वस्तू कुणी घेतली नाही, कुणीतरी दुसऱ्याला न सांगता चारली. या शब्दाच्या वापरात हे कायम लपलेलं असतं आणि मला त्याची सगळ्यात जास्त चीड येते. अ‍ॅफ्रोडिझियाक म्हटलं की बऱ्याच लोकांच्या डोक्यात स्वतः काही घेणं नसतंच, समोरच्याच्या पेल्यात काहीतरी टाकणं असतं, म्हणजे समोरच्याचा नकार औषधाने होकारात बदलायचा. तशी वस्तू जगात नाही, आणि असती तरी न सांगता दिलेली कुठलीही वस्तू हा गुन्हाच आहे, मग ती विषारी असो नाहीतर साधी साखर असो. कामसूत्राच्या शेवटच्या भागात असल्या नुस्ख्यांची यादी आहे हे सगळे चवीने सांगतात, पण त्याच भागात असंही बजावलंय की जे संशयास्पद आहे, ज्याने शरीराला अपाय होईल, ज्यासाठी जीव मारावा लागतो, जे अशुद्ध आहे, ते वापरू नये. हे कुणी छापत नाही.

जीव मारण्याचा विषय निघालाच आहे तर गेंड्याचं शिंग. 'चिनी लोक कामोत्तेजक म्हणून वापरतात' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की मोजदाद नाही, आणि ते बहुतांशी चूक आहे. पारंपरिक चिनी वैद्यकात ते मुख्यतः ताप उतरवायला आणि तापात बरळणाऱ्या रोग्याला द्यायचे, कामोत्तेजक ही गोष्ट बाहेरच्या पत्रकारांनी आणि लेखकांनी पसरवली. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचं आणि केसांचं असतं तेच, ते ना तापावर चालतं ना कशावर. चीनने १९९३ मध्ये त्याच्या व्यापारावर बंदी घातली. पण प्रश्न असा आहे की पेपरनेच वारंवार 'कामोत्तेजक' असं छापलं तर ज्याला आधी माहीत नव्हतं त्यालाही कळतं, आणि नवीन गिऱ्हाईक तयार होतं. चुकीच्या शब्दामुळे प्राणी मरतो म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल पण मला नाही वाटत.

खाण्याच्या पदार्थांवर फार वेळ घालवत नाही. एखादी गोष्ट नवीन, महाग, किंवा आकाराने सूचक असली की तिला हे लेबल लागतंच, अमेरिका खंडातून बटाटा आणि टोमॅटो युरोपात पहिल्यांदा आले तेव्हा दोन्ही कामोत्तेजक मानले गेले, टोमॅटोला तर 'प्रेमाचं सफरचंद' म्हणायचे, आणि आज कुणाला बटाट्याची भाजी खाऊन काही वाटत नाही. चॉकलेटमध्ये फेनिलइथिलअमीन हे मेंदूला उत्तेजित करणारं रसायन असतं म्हणे, असतं, पण खाल्ल्यावर ते पोटात आणि यकृतात इतक्या झटपट मोडलं जातं की मेंदूपर्यंत काही पोचत नाही. कालव म्हणजे ऑयस्टरमध्ये झिंक भरपूर असतं आणि झिंकची कमतरता असेल तर टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होतो हे खरंय, पण ज्याला कमतरता नाही त्याने जास्त खाऊन काही जास्त होत नाही. आवडीच्या माणसासोबत निवांत जेवण झालं की छान वाटतं, त्याचं श्रेय त्या माणसाला आणि निवांतपणाला द्या ना, कालवांना कशाला.

आमच्या विषयात मात्र हा शब्द एका ठिकाणी अगदी काटेकोर वापरला जातो आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कीटकशास्त्रात आकर्षक गंध वेगळा आणि अ‍ॅफ्रोडिझियाक गंध वेगळा. मादी पतंग लांबून नराला बोलावते तो आकर्षक, १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ब्यूटेनांड्ट यांनी रेशमाच्या पतंगातलं असं पहिलं रसायन वेगळं केलं आणि अशा गंधांसाठी फेरोमोन हा शब्दही त्याच वर्षी आला. पण काही फुलपाखरांमध्ये नर मादीच्या अगदी जवळ येऊन अंगावरच्या केसांच्या झुपक्यांनी गंधाची पूड झटकतो आणि मग मादी थांबते, मीलनाला राजी होते, त्याला म्हणतात अ‍ॅफ्रोडिझियाक. म्हणजे लांबून बोलावणं नाही, जवळ आल्यावर तयार करणं. आणि याच्या उलटही आहे, काही फुलपाखरांत नर मीलनानंतर मादीवर असा गंध सोडून जातो की दुसरा नर तिच्याजवळ फिरकत नाही, त्याला सरळ अँटीअ‍ॅफ्रोडिझियाक म्हणतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरातला असा गंध ओळखून एक इवलीशी गांधीलमाशी त्या मादीच्या अंगावर बसून अंडी घालायच्या जागेपर्यंत फुकट प्रवास करते आणि तिथे तिच्याच अंड्यांत आपली अंडी घालते! तिथे रसायन कुठलं, कुणावर काम करतं, काय बदलतं, हे सगळं तपासता येतं. डुकरांमध्येही नराच्या लाळेतल्या गंधाने माजावर आलेली मादी स्थिर उभी राहते, त्याचा स्प्रे पशुपालनात वापरतात. माणसात मात्र असं एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे 'फेरोमोन परफ्यूम' असल्या लेखांना छापायच्या आधी जरा थांबा.

आता जे खरं घातक आहे त्याच्याकडे येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये नियमच केला की विनाप्रिस्क्रिप्शन विकल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर अ‍ॅफ्रोडिझियाक म्हणून दावा करता येणार नाही, कारण त्यातलं काहीही सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं सिद्ध झालं नाही, त्या यादीत कँथरिडिनवाला भुंगेरा होता, जिन्सेंग होतं, ज्येष्ठमध होतं, योहिम्बिन (एका आफ्रिकी झाडाच्या सालीतलं रसायन) होतं, आणि हो, स्ट्रिक्निनही होतं जे उंदीर मारायला वापरतात. तरी धंदा थांबला नाही, त्याने नाव बदललं, 'हर्बल सप्लिमेंट' झालं. २००७ ते २०१६ या काळात त्याच संस्थेने ७७६ सप्लिमेंटमध्ये न सांगता औषधं मिसळल्याचं नोंदवलं, त्यातली ३५३ म्हणजे जवळपास निम्मी लैंगिक क्षमता वाढवण्याच्या नावाने विकली जाणारी होती, आणि त्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते सिल्डेनाफिल. म्हणजे जडीबुटी म्हणून जे घेतलं आणि 'वा, लगेच फरक पडला' वाटलं ती बऱ्याचदा गोळीच होती, किती मिलिग्रॅम ते कुणालाच माहीत नाही. आणि इथे जीव जातो, कारण छातीत दुखतं म्हणून जे लोक जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेतात त्यांनी सिल्डेनाफिल किंवा त्या जातीचं औषध घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. डॉक्टर लिहून देताना हे विचारतात, पुडीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं असलं की कोण विचारणार.

१९९३ ते १९९५ मध्ये न्यूयॉर्क शहरात पाच धडधाकट पुरुष अशाच एका वस्तूने आजारी पडले, त्यातले चार मेले. ती वस्तू वरून लावायची म्हणून विकली जात होती, त्यांनी ती खाल्ली, आणि तिच्यात बेडकांच्या जातीतल्या एका प्राण्याच्या विषात असतात तसली हृदयाची लय बिघडवणारी रसायनं होती. विकताना अ‍ॅफ्रोडिझियाक हाच शब्द, आत काय आहे, काही धड नाही.

आणि हेही तितकंच महत्त्वाचं. ताठरता न येणं हा बऱ्याचदा स्वतंत्र आजार नसतो, ती रक्तवाहिन्यांची तक्रार असते. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात म्हणून आतून चरबी जमायला लागली की त्या आधी अडतात, आणि हृदयविकाराची लक्षणं दिसायच्या दोन-तीन वर्षं आधीच ही तक्रार सुरू झालेली असते असं अनेक रुग्णांत दिसतं. मधुमेहातही तेच, तिथे नसाही खराब होतात. म्हणजे शरीर आधी इशारा देतंय, आणि माणूस लाजेने 'कामोत्तेजक' लेख वाचून पुडी आणतोय, तात्पुरतं बरं वाटतं, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं राहून जातं. तुमच्या लेखात 'अ‍ॅफ्रोडिझियाक' ऐवजी 'ताठरतेची तक्रार' असा साधा शब्द असता तर पुढचं वाक्य आपोआप 'तपासणी करून घ्या' असं आलं असतं. इच्छाच नसेल तर कारणं वेगळी, नैराश्य असेल, नैराश्यावरची काही औषधंच इच्छा कमी करतात, थायरॉइड असेल, झोप नसेल, नात्यात काही बिनसलं असेल, त्याला पुडी काय करणार.

बायकांचा उल्लेख या सगळ्या लेखांत कुठे असतो? एकतर ज्याच्यावर प्रयोग करायचा ती म्हणून, नाहीतर नसतोच. इच्छा कमी होण्याचा त्रास बायकांना होतो, त्यासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये फ्लिबान्सेरिन नावाची रोज रात्री घ्यायची गोळी आणि २०१९ मध्ये ब्रेमेलॅनोटाइडचं इंजेक्शन मंजूर झालं, दोन्ही मेंदूवर काम करणारी आणि मंजुरीच्या वेळी दोन्ही पाळी जायच्या आधीच्या वयातल्या बायकांसाठी. ही तरी त्या शब्दाला जवळची औषधं आहेत. पण फ्लिबान्सेरिनचा फायदा बघा, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा महिन्याला समाधानाचे प्रसंग साधारण अर्धा ते एक जास्त, आणि दारूसोबत घेतली तर बेशुद्ध पडण्याचा धोका, म्हणून त्यावर सगळ्यात कडक इशारा छापलेला होता. हे कमी लेखायला सांगत नाहीये, ज्या बाईला उपयोग झाला तिला झाला. पण इतकी वर्षं, इतका पैसा ओतून मोठमोठ्या कंपन्यांना इतकंच जमलं हे कळलं की एका पुडीत सगळं मिळेल यावर कुणी सहज विश्वास ठेवणार नाही.

आलंकारिक वापराला माझी काही हरकत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावावर एक वाक्य सांगतात की सत्ता हे मोठं अ‍ॅफ्रोडिझियाक आहे, राजकारणाच्या लेखात तसं लिहा, वाचकाला कळतं की कुणी सत्तेची गोळी खात नाहीये. हरकत आहे ती आरोग्याच्या पानावर तोच ढगळपणा ठेवण्याला.

तेव्हा माझी विनंती इतकीच आहे की या विषयावर लिहिताना लेखकांना विचारा की बाबा, तुला इच्छा म्हणायचंय, ताठरता म्हणायचंय, वेळ म्हणायचंय की मूल होणं म्हणायचंय, आणि जे म्हणायचंय तो मराठी शब्द छापा, लाजू नका, हे सगळे शब्द घरातल्या कुणीही वाचावेत असेच आहेत. कामोत्तेजक हा शब्द फक्त इच्छेसाठी ठेवा. वाजीकरण हा शब्द वैद्य लिहितील तेव्हा त्यांच्या अर्थाने येऊ द्या. स्पॅनिश फ्लायचा उल्लेख आला की त्याच वाक्यात विष म्हणा, गेंड्याच्या शिंगाबद्दल ते जुनं वाक्य परत छापू नका. आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर असेल तर ते एखाद्या पात्र डॉक्टरकडे द्या, बायकांचे प्रश्नही घ्या.

पत्र फार मोठं झालंय याची कल्पना आहे. जागा नसेल तर ग्रीक देवता कापा, फुलपाखरं कापा (मला वाईट वाटेल पण चालेल), पण नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांबद्दलचं वाक्य आहे तसं राहू द्या.

आपला,
एक जीवशास्त्राचा शिक्षक